चिकटवही : डिंकाची आणि आकड्यांची

पोस्टाची तिकिटे, आगपेटीवरची चित्रे, वर्तमानपत्रातली कात्रणे, सहलीला गेलो तेव्हाचे एस.टी.चे तिकीट, पिंपळाचे जाळीदार पान... असल्या वस्तू वहीत चिकटवून ठेवण्याचा छंद फार जुना आहे. ‘टॉम सॉयर’चे लेखक मार्क ट्वेन यांनाही तो होता. डिंकाच्या राड्याला ते इतके कंटाळले, की पानांना आधीच गोंद लावलेली चिकटवही त्यांनी स्वतः तयार केली आणि १८७३ साली तिचे पेटंटही मिळवले. पान ओले करायचे आणि कात्रण दाबून बसवायचे, की काम झाले!

हाच छंद आता पुष्कळ मुले आणि मोठी माणसेही संगणकावर किंवा मोबाईलवर करतात. डिंक नाही, कात्री नाही. पडद्यावरच एक पान घ्यायचे, त्यावर छायाचित्रे मांडायची, कडेला फीत, कोपऱ्यात एखादे बटण किंवा फूल लावायचे, खाली दोन ओळी लिहायच्या. असे छंद असणारी माणसे आपली पाने एकमेकांना दाखवतात. कुणी नुसते कागदाचे नमुने आणि फुले तयार करून इतरांना वापरायला देतो. कुणी त्यातून पान सजवतो आणि ते पुन्हा पहिल्याला पाठवतो. देवाणघेवाण हीच या छंदातली मोठी गंमत आहे.

पण इथे एक प्रश्न उभा राहतो. माझी कागदी वही मी तुम्हाला दिली, तर ती माझ्याकडे उरत नाही. संगणकावरचे पान पाठवले, तर ते तुमच्याकडे जाते आणि माझ्याकडेही राहते. मग तुमच्याकडचे आणि माझ्याकडचे पान अगदी सारखे असते का? ‘हो’ म्हणण्याची घाई करू नका.

पान म्हणजे आकडे

कागदावर चित्र म्हणजे शाई. संगणकात चित्र म्हणजे आकडे. चित्राचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाचा रंग आकड्याने लिहायचा. या चौकोनाला चित्रबिंदू म्हणू. रसेल कर्श या अमेरिकन संशोधकाने १९५७ साली संगणकाला जोडलेल्या यंत्रातून एक छायाचित्र असे वाचून घेतले, तेव्हा त्यात आडवे १७६ आणि उभे १७६ असे एकूण ३०,९७६ बिंदू होते. यंत्र प्रत्येक बिंदूबद्दल एवढेच सांगू शके, की तो काळा आहे की पांढरा. छायाचित्र होते त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचे. म्हणजे संगणकाने वाचलेले पहिले छायाचित्र कौटुंबिक चिकटवहीत शोभावे असेच होते!

आजच्या मोबाईलमधल्या छायाचित्रात सहज ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. या तीन आकड्यांच्या जुळणीतून १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंगछटा लिहिता येतात.

आता पानावर बटण ‘चिकटवतात’ कसे ते पाहा. खरे तर काहीच चिकटत नाही. पान हा एक थर, बटण हा त्यावरचा दुसरा थर. वरच्या थरातल्या प्रत्येक बिंदूजवळ रंगाच्या तीन आकड्यांशिवाय एक चौथा आकडा असतो. हा बिंदू किती झाकतो, हे तो सांगतो. समजा, खालच्या कागदाचा आकडा २४० आहे आणि वर ठेवलेल्या फितीचा १००. फीत पूर्ण अपारदर्शक असेल तर डोळ्यांना १०० दिसेल. ती फक्त पाव भाग झाकणारी, मलमलीसारखी असेल, तर १०० चा पाव म्हणजे २५ आणि २४० चा पाऊण म्हणजे १८०, मिळून २०५ दिसेल. झाले! बटणाखाली पडलेली सावलीसुद्धा अशीच काढतात. तो थोडासाच झाकणारा एक काळा थर असतो आणि बटणाच्या किंचित खाली व बाजूला सरकवलेला असतो. कागदी वहीत सावली फुकट मिळते, इथे तिच्यासाठी लाखो बेरजा-गुणाकार होतात.

हा चौथा आकडा सांभाळणारी आणि एकही आकडा न बदलता चित्र साठवणारी एक पद्धत १९९६ साली ठरवण्यात आली. तिचे नाव पीएनजी. म्हणूनच फुले, बटणे, फिती यांची देवाणघेवाण बहुधा पीएनजी फाईलमध्ये होते. तेच गोल बटण जेपेग फाईलमध्ये साठवले तर त्याच्याभोवती पांढरा चौकोन येतो, कारण जेपेगमध्ये चौथ्या आकड्याला जागाच नाही.

उरलेले आकडे गेले कुठे?

आता थोडा हिशेब करू. १ कोटी २० लाख बिंदू, प्रत्येकाचे तीन आकडे, प्रत्येक आकड्याला एक बाइट जागा. म्हणजे छायाचित्राला ३ कोटी ६० लाख बाइट, सुमारे ३६ मेगाबाइट जागा हवी. पण मोबाईलमध्ये पाहिले तर फाईल चारपाच मेगाबाइटचीच भरते. बाकीचे आकडे कुठे गेले?

याचे उत्तर देताना एका भारतीय वंशाच्या अभियंत्याचे नाव घ्यावे लागते. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत प्राध्यापक होते. १९७२ साली त्यांनी एका गणिती कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे पैसे मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच सोपी वाटते, अशा अर्थाचा शेरा एका परीक्षकाने मारला होता, असे पुढे त्यांनीच लिहिले आहे. अहमद यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते १९७४ साली प्रसिद्ध केले. १९९२ साली ठरलेली जेपेग पद्धत याच गणितावर उभी आहे.

कल्पना अशी. समुद्राकडे पाहिले तर एकाच पाण्यावर मोठ्या संथ लाटा दिसतात आणि त्यांच्या अंगावर बारीक तरंगही दिसतात. छायाचित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे लहान चौकोन पाडले, तर प्रत्येक चौकोनातला उजेडाचा चढउतार अशाच लहानमोठ्या ‘लाटांची’ बेरीज म्हणून लिहिता येतो. त्यासाठी लाटांचे ६४ ठरावीक नमुने पुरतात. कोणता नमुना किती घ्यायचा, एवढेच लिहायचे. निरभ्र आकाशाच्या चौकोनात चढउतार जवळजवळ नसतोच, म्हणून ६४ आकड्यांऐवजी एकदोन आकड्यांत काम भागते. शिवाय बारीक तरंगांतला फरक आपल्या डोळ्यांना नीटसा कळत नाही. तेव्हा त्यांचे आकडे मोठ्या मापाने मोजून ठेवले तरी चालते. धान्य चिमटीने न मोजता शेराने मोजावे, तसे. वरची चिमूटभर कमीजास्त होते, ती सोडून द्यायची.

इथेच खरी मेख आहे. सोडलेली चिमूट परत मिळत नाही.

एखाद्या तरंगाचा आकडा ३४ आहे असे धरा. पहिल्यांदा साठवताना माप ६ चे होते. ३४ च्या सर्वांत जवळची ६ ची पट ३६, म्हणून ३६ लिहिले. मित्राने चित्र साठवले तेव्हा माप १० चे होते, ३६ चे ४० झाले. तिसऱ्याने १५ चे माप वापरले, ४० चे ४५ झाले. ३४ वरून आपण ४५ वर येऊन पोहोचलो, आणि वाटेत कुणीही मुद्दाम काही बिघडवले नाही! नेहमी तेच माप वापरले, तर पहिल्या वेळेनंतर आकडा जवळजवळ स्थिर राहतो. परंतु प्रत्यक्षात कुणी चित्राची कड कापतो, कुणी ते लहान करतो. मग ८ गुणिले ८ चे चौकोनच नव्या जागी पडतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. संदेश पाठवणाऱ्या बऱ्याच सोयी तर आपल्याला न विचारताच चित्र लहान करून पाठवतात.

याचा फटका सर्वांत जास्त कशाला बसतो? आकाशाला नव्हे, अक्षरांना. काळ्या अक्षराची धार पांढऱ्या कागदावर एकदम सुरू होते. असा एकदम होणारा बदल लिहायला बारीक तरंगच लागतात, आणि कात्री चालते ती त्यांच्यावर. आजीच्या हस्ताक्षरातले पत्र, जुन्या गुणपत्रिकेचे छायाचित्र, वर्तमानपत्राचे कात्रण, म्हणजे चिकटवहीत जे जपावेसे वाटते तेच आधी पुसट होते. नातेवाइकांच्या गटातून फिरून आलेल्या जुन्या छायाचित्राखालची नावे वाचता येत नाहीत, ती याचमुळे.

उपाय अवघड नाही. मूळ छायाचित्राला हात लावायचा नाही, त्याची प्रत काढून तिच्यावर काम करायचे. पान तयार करताना थर सुटे ठेवणारी फाईल आपल्याकडे ठेवायची. मित्राला पाठवताना चित्र म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले, तर आकडे जसेच्या तसे पोहोचतात.

मात्र एका बाबतीत जसेच्या तसे पोहोचणे धोक्याचे आहे. मोबाईलमध्ये जागेची नोंद चालू असेल, तर छायाचित्राच्या फाईलमध्ये ते कुठे काढले याचे अक्षांश-रेखांशही गुपचूप लिहिलेले असतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे चार स्थळे असली, की अकरा मीटरपर्यंतचा नेमकेपणा येतो. म्हणजे गाव तर कळतेच, घरही कळते. घरात काढलेली छायाचित्रे अनोळखी माणसांपुढे मांडण्याआधी ही नोंद काढून टाकावी.

दहा लाख जणांची चिकटवही

आकडे बिघडले नाहीत, तरी पान हरवू शकते. इंग्लंडमध्ये राजा पहिला विल्यम याने १०८६ साली गावे, शेते, गिरण्या, गुरेढोरे यांची मोजदाद करवून घेतली. तिचा ग्रंथ ‘डूम्सडे बुक’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९८६ मध्ये या घटनेला नऊशे वर्षे होणार होती, त्या निमित्ताने बी.बी.सी.ने देशाची नवी नोंद करण्याचे ठरवले. देशाचे चार गुणिले तीन किलोमीटरचे तुकडे पाडले आणि ते शाळांना वाटून दिले. आपल्या तुकड्यातली छायाचित्रे काढायची, दुकाने किती, लोक काय खातात, मुले सुट्टीत काय खेळतात हे लिहायचे. मोठ्यांनीही हातभार लावला आणि दहा लाखांहून अधिक लोकांचा सहभाग झाला. सर्वांनी मिळून केलेली इतकी मोठी चिकटवही क्वचितच झाली असेल.

हे सारे ‘लेसरडिस्क’ नावाच्या मोठ्या तबकड्यांवर साठवले. तबकडी वाचायला खास यंत्र आणि खास संगणक हवा. त्यांची किंमत सुमारे पाच हजार पौंड. ज्या मुलांनी माहिती गोळा केली, त्यांच्यापैकी अनेकांच्या शाळांना ते परवडलेच नाही. पुढे ती यंत्रे बनेनाशी झाली. पंधरा-सोळा वर्षांत अशी वेळ आली, की तबकड्या आहेत पण त्या वाचणार कशावर? शेवटी २००२ साली संशोधकांनी जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवून दाखवला, आणि २०११ मध्ये मुलांनी लिहिलेली माहिती सर्वांना पाहता येईल अशी पुन्हा मांडली गेली. कातड्यावर शाईने लिहिलेला १०८६ चा ग्रंथ या सगळ्या काळात जागेवरच होता. लॅटिन येणाऱ्याला तो आजही वाचता येतो.

मराठी पानांवरही अशी आपत्ती येऊन गेली आहे. पूर्वी संगणकावर मराठी लिहिताना प्रत्येक कंपनीच्या अक्षरांचे आकडे वेगळे असत. तो अक्षरसंच दुसऱ्याकडे नसला, की पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसे. १९९१ च्या युनिकोड पद्धतीत देवनागरी अक्षरांना ठरावीक आकडे मिळाले. ‘अ’ चा आकडा २३०९, मग संगणक कुणाचाही असो. पण जुन्या पद्धतीने लिहिलेल्या कित्येक फाईली तशाच राहून गेल्या. कुणाच्या घरी जुना संगणक असेल तर त्यातली आई-वडिलांची मराठी पत्रे उघडून पाहा. कदाचित ती बदलून घ्यावी लागतील.

वर्गात करून पाहा

वर्तमानपत्राच्या एका कात्रणाचे छायाचित्र मोबाईलवर काढा. शिक्षकांच्या किंवा पालकांच्या मदतीने दहा मोबाईल ठरवा. पहिल्याने ते दुसऱ्याला संदेशातून साधे चित्र म्हणून पाठवावे. दुसऱ्याने ते साठवावे, कडेची केसभर पट्टी कापावी आणि तिसऱ्याला पाठवावे. असे दहाव्यापर्यंत जाऊ द्या. प्रत्येक टप्प्यावर फाईल किती बाइटची झाली ते फळ्यावर मांडा. सर्वांत मोठी घट कितव्या टप्प्यावर दिसते? बहुधा पहिल्याच टप्प्यावर दिसेल. ती का, याचा विचार वर दिलेल्या हिशेबावरून करा. मग मूळ आणि दहावे चित्र शेजारी ठेवून खूप मोठे करून पाहा. अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके आणि लहान लहान चौकोन दिसू लागतील. चौकोनाची एक बाजू किती बिंदूंची आहे ते मोजा. आठ येते का? वाटेत चित्र लहानमोठे झाले असेल तर आठ येणार नाही.

दुसऱ्या दिवशी तेच कात्रण ‘डॉक्युमेंट’ म्हणून, पट्टी न कापता, दहा जणांतून फिरवा आणि बाइटचे आकडे पुन्हा त्याच तक्त्यात भरा.