क्रीडांगणावरील बालकांचे संरक्षण

संघनिवडीचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध बोलण्यास बालक धजत नाही. अत्याचारी व्यक्ती याच भीतीचा आधार घेते. म्हणून स्पर्धेच्या मुक्कामी मुलींसमवेत शिक्षिका असावी व एकट्या बालकास खोलीवर बोलावण्याची मुभा कोणासही नसावी.

आवडीचा खेळ मूल अकस्मात टाळू लागल्यास रागे न भरता त्यास विश्वासात घ्यावे. ते बोलू लागल्यास शांतपणे ऐकावे, उलटतपासणी करू नये. ‘दोष तुझा नाही’ असे निःसंदिग्धपणे सांगावे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये पोलिसांस खबर देणे बंधनकारक असून मौन हा दंडनीय अपराध आहे. साहाय्यासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. बालकाचे नाव गुप्त राखावे. मात्र त्याचे क्रीडांगण त्यास परत मिळवून द्यावे.