जनावरांची सोय झाली, बाईचं काय?

सकाळी दूध यायला दहा मिनिटं उशीर झाला की आपला जीव वरखाली होतो. चहा खोळंबतो, मुलांची शाळेची घाई होते आणि सगळा राग दूधवाल्यावर निघतो. पण मैत्रिणींनो, हे दूध जिथून येतं तिथे पाऊसच झाला नाही तर गोठ्यातल्या बाईनं काय करावं?

2018 साली असंच झालं. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. माळावरचं गवत करपलं, कडबा महागला. जनावर विकावं तर बाजारात मातीमोल भाव! आणि दुभती गाय एकदा दावणीवरून गेली की दुसरी आणणं का सोपं असतं? घरातल्या मीठमिरचीपासून वह्यापुस्तकांपर्यंत सगळं दुधाच्या पैशावर चालायचं.

मग 2019 मध्ये चारा छावण्या उघडल्या. सर्वांत जास्त बीड जिल्ह्यात. मोठ्या जनावरामागे सरकार दिवसाला आधी 70, मग 90 आणि मे महिन्यात 100 रुपये देऊ लागलं. लहानाला त्याच्या निम्मे. हा पैसा शेतकऱ्याच्या हाती नव्हे, छावणी चालवणाऱ्या संस्थेला मिळे. तिनं चारा-पाणी पुरवायचं. जनावरांच्या कानाला बिल्ले आणि रोज हजेरी. सुरुवातीला एका शेतकऱ्याची पाचच जनावरं घेत. सहावं कुठं बांधायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

जनावरं जगली, हे खरंच. पण त्यांच्याजवळ माणूस लागतंच. धनी कामाच्या शोधात, मुलं सासूबाईंपाशी आणि ही छावणीत, कापडाच्या आडोशाला. शेण काढायचं, वैरण आणायची, धारा काढायच्या. आंघोळीला आडोसा नाही, रात्री दिवा असला तर असला. हजेरी गाईची लागते, हिची नाही.

अमेरिकेत रीत निराळी आहे. 2008 च्या शेती कायद्यानं तिथे दुष्काळात वाया गेलेल्या कुरणांसाठी मदत सुरू झाली. दुष्काळाचा नकाशा दर आठवड्याला निघतो. आपल्या जिल्ह्यात दुष्काळ किती तीव्र आणि किती आठवडे टिकला, त्यावर ठरलेल्या महिन्यांचे पैसे थेट पशुपालकाला मिळतात. महिन्याच्या वैरणखर्चाच्या फार तर 60 टक्के. जनावरं घरीच राहतात, वैरण ज्यानं त्यानं विकत घ्यायची.

ऐकायला बरं वाटतं, नाही? पण आपल्याकडे दुष्काळात पैसे हातात असले तरी वैरण मिळेलच असं नाही, आणि पाण्याचं काय? छावणीत निदान टँकर येतो. म्हणून छावणी नकोच, असं म्हणता येणार नाही.

मात्र 'दावणीला चारा द्या' ही गावोगावची मागणी बाईच्या दृष्टीनं फार मोलाची आहे. चारा आणि पाणी गोठ्यापर्यंत पोचलं तर तिचा संसार मोडत नाही. जिथे ते जमत नाही, तिथे छावणी गावाजवळ हवी. न्हाणीघर, संडास आणि दिवा हवा. आणि जनावराच्या नोंदीत ते सांभाळणारीचंही नाव हवं. चाऱ्याचा खर्च मांडताना एवढा खर्च सरकारला जड का जावा?

उद्या दूध उशिरा आलं, तर रागावण्याआधी गोठ्यातल्या त्या बाईचीही आठवण ठेवू या.