दूरचित्रवाणीवरील बातमी

आमच्या साजगावच्या यात्रेत सुकी मासळी घेणारा मनुष्य चार दुकाने हिंडतो. बातमी मात्र तो एकाच वाहिनीवरून घेतो. ता. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोरांच्या अफवेने बिथरलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक ह्यांस ठार मारिले. काही वाहिन्यांनी त्यास लागलीच धर्मद्वेषाचा रंग दिला. तोही प्रश्नचिन्ह लावून. म्हणजे खोटे ठरले तरी ‘आम्ही केवळ विचारिले’ असे म्हणावयास त्या मोकळ्या! ता. २२ रोजी गृहमंत्री अनिल देशमुख ह्यांनी, अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नसल्याचे सांगितले व यादी प्रसिद्ध केली. पहिले वृत्त ऐकून आम्हीही घरी तावातावाने बोललो होतो; यादी वाचल्यावर मुलांदेखत ते शब्द परत घेणे आम्हांस फार जड गेले.