मिशरी सुटते तेव्हा थायरॉइडची गोळी

बीड जिल्ह्यात कितीतरी बायकांची सकाळ मिशरीने सुरू होते, आणि लगेच चहा. थायरॉइड मंद असलेल्यांची लेव्होथायरॉक्सिनची गोळीही याच वेळची: उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी. मिशरी सोडताना ही गोळी मात्र सोडायची नाही.

निकोटीन थांबलं की पहिले ३-४ दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड होते, झोप मोडते. पुढे काही आठवडे मरगळ, बद्धकोष्ठ, वाढतं वजन. हीच लक्षणं मंद थायरॉइडचीही. मग बाई म्हणते, "मिशरी सोडली अन् दुखणं वाढलं," आणि पुन्हा डबी उघडते. याचंच फार वाईट वाटतं, कारण रक्ताच्या एका तपासणीने उलगडा होऊ शकतो. सोडल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावं. डोस डॉक्टरच ठरवतील. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांनी तर नक्कीच: धूम्रपान थांबल्यावर थायरॉइड मंदावण्याची शक्यता काही काळ वाढते, असं डेन्मार्कमधल्या अभ्यासात दिसलं आहे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तपासणी निघण्याआधी उरकावी आणि हंगामभराच्या गोळ्या सोबत न्याव्यात. तंबाखू सोडण्याच्या सल्ल्यासाठी १८००-११२-३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन फडावरूनही लावता येते.