विश्लेषण : चिखलात जीप रुतण्याआधीच फिरवायचे बटण... ‘लॉकिंग हब’ नेमके काय करतात?

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम तालुक्यांना पुराचा मोठा तडाखा बसला. पूर ओसरला, तरी शिवारातला चिखल लगेच हटत नाही. इथली काळी माती पाणी शोषून फुगते, टायरच्या खाचांत घट्ट बसते आणि काही फेऱ्यांतच टायर गुळगुळीत होतो. पाणंद रस्त्यावर ट्रॅक्टर निघतो, मोटार रुतते. त्यामुळे जुनी जीप, जिप्सी किंवा थार बाळगणाऱ्यांना गॅरेजमध्ये हमखास एक सल्ला मिळतो: ‘पुढच्या चाकांना लॉकिंग हब बसवून घ्या.’ हे हब म्हणजे काय, त्यांनी गाडीची ताकद वाढते का आणि ते बसवताना काय तपासावे, याचा हा आढावा.

लॉकिंग हब म्हणजे काय?

‘पार्ट-टाइम फोर बाय फोर’ गाडीत एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्स्फर केसचा लिव्हर ‘४एच’ किंवा ‘४एल’वर टाकला की ती पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडेही जाते. तिथून डिफरन्शियल, मग दोन हाफ शाफ्ट आणि शेवटी पुढची चाके असा तिचा प्रवास होतो.

हाफ शाफ्ट आणि चाक यांच्यामधला शेवटचा दुवा म्हणजे हब. अनेक गाड्यांत तिथे साधी फ्लँज असते आणि ती शाफ्टला चाकाशी कायमची जोडून ठेवते. लॉकिंग हबमध्ये या जागी चाकाच्या मधोमध एक गोल बटण येते. ते ‘लॉक’वर असेल तर शाफ्ट आणि चाक एकत्र फिरतात. ‘फ्री’वर असेल तर चाक बेअरिंगवर मोकळे फिरते आणि शाफ्ट जागेवर राहतो. म्हणूनच गॅरेजवाले त्याला ‘फ्री व्हीलिंग हब’ही म्हणतात.

त्याने गाडीची ताकद वाढते का?

नाही. गैरसमज नेमका इथेच होतो. ज्या गाडीला कारखान्यातून कायम जोडलेली फ्लँज आली आहे, ती चिखलात जितकी चालते तितकीच हब बसवल्यावर चालेल. हबचा फायदा चिखलात नव्हे, डांबरी रस्त्यावर मिळतो.

फ्लँज असलेल्या गाडीत लिव्हर ‘२एच’वर असला तरी पुढची चाके आपल्यासोबत हाफ शाफ्ट, डिफरन्शियलचे गिअर आणि प्रोपेलर शाफ्ट विनाकारण फिरवत राहतात. त्यातून आवाज, कंप, सांध्यांची झीज आणि थोडे जास्त इंधन असा खर्च होतो. हब ‘फ्री’ केले की हा सगळा भाग थांबतो. इंधनाची बचत मात्र किरकोळच असते, तेवढ्यासाठी हब घेण्यात अर्थ नाही.

ही कल्पना कुठून आली?

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्धानंतर त्यांतल्या अनेक गाड्या शेतकरी आणि सामान्य ग्राहकांच्या हाती आल्या. रणांगणासाठी बनलेली ही गाडी रोजच्या रस्त्यावर मात्र घरघरत चालायची. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये अशा जीपसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. त्यांच्या नावाची कंपनी आज विंचसाठीही ओळखली जाते. भारतात महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तोच वारसा पुढे थारपर्यंत आला. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये बाजारात आली. तिचा फोर बाय फोरही लिव्हरने चालणारा, पार्ट-टाइम पद्धतीचाच होता.

धाराशिवच्या गाडीला त्याचा उपयोग कितपत?

बालाघाटच्या पठारावरील या जिल्ह्यात एकच गाडी दोन प्रकारे वापरली जाते. तुळजापूर, धाराशिव, येरमाळा मार्गे जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गावर ती वेगात धावते. पावसाळ्यात हीच गाडी काळ्या रानातून गोठ्यापर्यंत जाते. वर्षातले बहुतेक किलोमीटर डांबरावर आणि थोडे चिखलात, असा वापर असेल तर हबचा उपयोग आहे. गाडी वर्षभर डांबर सोडत नसेल किंवा उलट कायम रानातच असेल, तर हा खर्च टाळता येतो.

त्याआधी एक गोष्ट तपासा. गावागावात दिसणाऱ्या बहुतेक बोलेरो फक्त मागच्या चाकांवर चालतात. दिसायला दणकट असली तरी फोर बाय फोर नसलेल्या गाडीला लॉकिंग हबचा काहीही उपयोग नाही.

बसवताना काय काय केले जाते?

काम फार अवघड नाही, पण ते नीटच व्हायला हवे.

- आधी हाफ शाफ्टच्या टोकावरील दाते, म्हणजे स्प्लाइन मोजले जातात. त्यांची संख्या, शाफ्टची जाडी आणि बोल्टच्या जागा हबशी जुळल्या पाहिजेत. ‘थोडे घासून बसवतो’ असे कोणी म्हणाले तर तो हब परत करा.
- गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना अडण लावली जाते. जॅकने उचलल्यावर ती स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नये.
- चाक काढल्यावर शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप आणि फ्लँजचे बोल्ट काढून फ्लँज बाहेर घेतली जाते.
- आतला भाग उघडाच असल्याने याच वेळी चाकाचे बेअरिंग आणि ऑइल सील तपासावे. बेअरिंगचा नट फार आवळला तर बेअरिंग तापते, सैल राहिला तर चाक डुलते. म्हणून तो कंपनीच्या मापानेच आवळतात.
- मग गॅस्केट, हब, सर्क्लिप आणि बटणाचे झाकण बसते. बोल्ट टॉर्क पान्याने एकसारखे आवळले जातात. हबच्या यंत्रणेला ग्रीसचा पातळ थर पुरतो. ठासून भरलेल्या ग्रीसमुळे बटण जड होते आणि हब अर्धवट लागतो.

काम झाल्यावर चाक हवेत असतानाच चाचणी होते. ‘फ्री’मध्ये चाक फिरवले तर शाफ्ट फिरता कामा नये, ‘लॉक’मध्ये तो फिरलाच पाहिजे. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. काही दिवस चालवल्यानंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.

चालवताना कोणत्या चुका होतात?

सर्वांत मोठी चूक म्हणजे हब ‘फ्री’ ठेवून चिखलात शिरणे. चालक ‘४एच’ टाकतो, डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवाही लागतो, पण ताकद पुढच्या शाफ्टच्या टोकाशीच थांबते. गाडी रुतल्यावर बटण चिखलाखाली गेलेले असते आणि ते हाताने चाचपडत फिरवावे लागते. पाऊस सुरू असताना, अंधारात, गाडीत रुग्ण असेल तर हा विसर महागात पडतो.

दुसरी चूक म्हणजे एकच हब लॉक करणे. साधे डिफरन्शियल सर्वांत कमी अडथळ्याच्या बाजूला फिरते. त्यामुळे मोकळ्या बाजूचा शाफ्ट गरगर फिरतो आणि लॉक केलेल्या चाकाला ओढच मिळत नाही.

तिसरी चूक म्हणजे कोरड्या डांबरावर ‘४एच’ वापरणे. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. ट्रान्स्फर केस मात्र दोन्ही शाफ्टना एकाच वेगाने फिरवते. चिखलात टायर घसरून हा ताण सुटतो, डांबरावर तो गिअर आणि सांध्यांवर येतो.

याउलट लिव्हर ‘२एच’वर ठेवून हब लॉक असणे धोक्याचे नाही. तेव्हा गाडी फ्लँज असलेल्या गाडीसारखीच चालते. म्हणून पावसाळाभर हब लॉकच ठेवणे हा सोपा आणि सुरक्षित उपाय आहे. हब ‘फ्री’ असताना मात्र गाडी थांबवूनच लिव्हर बदलावा, कारण पुढचा शाफ्ट थांबलेला असतो आणि चालत्या गाडीत गिअर खरखरतात. कोरड्या हंगामातही महिन्यातून एकदा हब लॉक करून काही किलोमीटर चालवावे. त्यामुळे पुढच्या डिफरन्शियलमधले तेल सगळीकडे पोहोचते आणि बटण अडकत नाही.

पुराच्या पाण्यात ही गाडी चालेल का?

इथे कोणताही हब कामाचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या मते १२ इंच वाहते पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते, तर २ फूट पाणी एसयूव्ही आणि ट्रकही ओढून नेऊ शकते. टायर जमिनीवरून उचलले गेले की चारही चाकांना ताकद मिळूनही उपयोग नसतो. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी अलीकडेच थांबवावी. साचलेल्या पाण्यातून जावे लागले असेल तर नंतर हब उघडून पाहावा. ग्रीस दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे, असे समजून साफसफाई करून नवे ग्रीस भरावे.

कायदा आणि विम्याचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीवर बोट ठेवले होते. त्यामुळे एमएच-२५ असो वा अन्य कोणतीही नोंदणी, हब विकत घेण्याआधी आरटीओ कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडे विचारणा करावी. काढलेल्या मूळ फ्लँज, बोल्ट आणि बिल जपून ठेवावे. कधी हब तुटला तर त्याच फ्लँज पुन्हा बसवून गाडी घरी आणता येते.