कोल्हापूरचा पैलवान : नाव झालं, पुढे काय?

बेसा, नागपूरहून मी बोलतोय. आज विषय कोल्हापूरच्या पैलवानांचा. आधी शब्द जुळवून घेऊ. आपल्या विदर्भातला आखाडा म्हणजे तिकडची तालीम आणि आपली आमदंगल म्हणजे त्यांचं मैदान.

गंमत बघा, कोल्हापूरचे म्हणून गाजलेले कितीतरी पैलवान शहरात जन्मलेलेच नाहीत. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे. मग शहरानं दिलं काय? तालीम, वस्ताद आणि मैदान. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान बांधून घेतलं. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत गावोगावची पोरं येऊन राहू लागली.

पैसा येतो कुठून?

सुरुवातीला घरून. दूध, तूप, बदाम, मटण असा खुराक शेतकरी बापाला परवडत नाही, तरी तो पुरवतो. पोरगं तयार झालं की जत्रांची मैदानं सुरू. यात्रा कमिटी वर्गणी काढते, जोड ठरवते. एक नंबरच्या कुस्तीला सगळ्यात मोठं इनाम. चितपट केलं तर नाव आणि पैसा दोन्ही. पण गुडघा गेला तर अख्खा हंगाम गेला, आणि खुराकाचा खर्च काही थांबत नाही.

माती आणि मॅट

मातीतली कुस्ती निकालापर्यंत चालायची. ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुणांवर निकाल. दोन्ही साधणारे थोडेच. आंदळकर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. त्यांच्याच तालमीत घडलेल्या दादू चौगुलेंनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकलं.

आणि खाशाबा जाधव! गाव कराडजवळचं गोळेश्वर, शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे पोट भरलं पोलिसातल्या नोकरीनं. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, दीड दशक उलटल्यावर.

आजचं काय?

महाराष्ट्र केसरीची गदा २००० मध्ये विनोद चौगुलेंनी, म्हणजे दादूंच्या मुलानं, कोल्हापूरला आणली. नंतर थेट २०२२ मध्ये पृथ्वीराज पाटीलनं. मधली सगळी वर्षं कोरडी! पोरं तर त्या काळातही घाम गाळतच होती. शेकड्यांतून एखाद्याच्या खांद्यावर गदा येते, बाकीच्यांचं काय?

तर माझं मत सांगतो. पैलवानाचं अंग तिशीच्या आसपास साथ सोडायला लागतं. त्यानंतरची वाट म्हणजे नोकरी, नाहीतर वस्तादकी, नाहीतर परत शेती. खेळाडू कोट्यातल्या नोकरीला मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, जत्रेतलं इनाम तिथं चालत नाही. म्हणून मातीत घडणाऱ्या पोराला लहानपणीच मॅटही मिळायला हवी, आणि दहावी-बारावी सुटता कामा नये.

तुमच्या गावच्या आखाड्यात मॅट आहे का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!