बाटलीतली तीस वर्षं

नाशिकहून आणलेली रेड वाइन रोह्याच्या कपाटात वर्षानुवर्षं ठेवली, तर मुरेल का? फ्रान्समधल्या बोर्दोच्या 1855 च्या प्रतवारीतल्या उत्तम रेड वाइन 30-40 वर्षं मुरतात, त्या मुख्यतः द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनमुळे. ही तुरट द्रव्यं रंगद्रव्यांशी जोडली जातात, जड होतात आणि गाळ बनून तळाशी बसतात. तुरटपणा निवतो, जांभळा रंग विटकरी होतो, ताज्या फळांच्या वासाच्या जागी सुक्या अंजिराचा, तंबाखूचा, ओल्या मातीचा वास येतो. बुचातून शिरणारा किंचित प्राणवायूही हातभार लावतो. पण असं मुरायला अंधार आणि 12-13 अंश तापमान लागतं. कोकणातल्या मे महिन्यात वाइन शिजल्यासारखी बेचव होते. शिवाय नाशिकच्या बहुतेक वाइन लवकर पिण्यासाठीच बनतात. तेव्हा ती बाटली जपत बसू नका, उघडा.